अक्षर बसवताना

दर सप्टेंबरात मी शिडी घेऊन येतो.
स्केलमार्शच्या ग्रामर स्कूलमध्ये, सभागृहातल्या ओकच्या फळ्यांवर
सोन्याच्या वर्खानं नावं लिहायची.
काम आजोबांचं, मग बापाचं, आता माझं.
अक्षरामागे साडेतीन पौंड. पूर्णविराम फुकट.

सगळ्यात वर, छताच्या कडेला, गाईल्स ऑट्रम:
लोकरीचा व्यापारी, सहीच्या जागी फुली मारणारा.
मरताना चाळीस मेंढ्यांचं उत्पन्न लिहून गेला
गावातल्या बारा पोरांना लॅटिन शिकवायला.
पोरं हिवाळ्यात आपापला कोळसा घेऊन यायची,
तोंडातून वाफ काढत विभक्त्या घोकायची.
संबोधनात ‘हे नांगरा’ म्हणताना दोघं हसले,
असं जुन्या वहीत आहे,
शिक्षेच्या रकान्यात.

मग यादी. एक बिशप. दोन न्यायाधीश.
आर्थर पिंचबेक, ज्यानं उभा जन्म शेवाळात घातला
आणि एका शेवाळाला गावाचं नाव मिळवून दिलं.
ते माझ्या गॅरेजच्या छपरावरही येतं,
दर वसंतात खरवडतो.
एकोणीसशे एकतीसचा क्रिकेटचा कप.
त्यानंतर कप नाही.

युद्धाची फळी वेगळी, जिन्याजवळ.
एकतीस नावं. बत्तिसावं होतं,
हॅरल्ड लीमिंग.
आजोबांनी लिहिलं, पडदा सरकला, त्याची आई रडली,
आणि मार्चात हॅरल्ड स्टेशनवरून चालत आला,
एक कान बहिरा, हातात कुणा दुसऱ्याचीच बॅग.
आजोबा सांगायचे, लिहायला दीड तास लागला,
काढायला दोन दिवस.
दुपारी चारला खिडकीतून तिरकं ऊन आलं
की अजून दिसतं ते. सोनं नाही, नुसता खळगा.
पुढे तीस वर्षं हॅरल्डच शाळेची घंटा वाजवायचा.
स्वतःच्या नावाखालून जाताना टोपी काढायचा.
शेजाऱ्यांसाठी, म्हणायचा.

मी इथे शिकलो नाही.
अकराव्या वर्षी परीक्षा असायची, एका सकाळची.
भाऊ पास झाला.
त्याला जांभळी टोपी मिळाली, मला रंगाचा डबा.
झोपायचो एकाच पलंगावर.
तो भिंतीकडे तोंड करून क्रियापदं पुटपुटायचा,
अंधारात ती मला पाठ झाली.
अजून येतात. कुणी कधी विचारलं नाही.
भावाचं नाव तिसऱ्या फळीवर आहे, केंब्रिजसमोर.
बापानं लिहिलं. त्यातल्या ‘आर’चा पाय
किंचित लांब गेलाय.
बापाचा हात एरवी कधी हलत नसे.

यंदा कागदावर एकच नाव:
व्हियोलेता श्चेपान्स्का.
आई कोबीच्या पॅकिंगला, रात्रपाळीत.
बाप लिंबूटिंबू इंग्रजीत
गेटवर मला विचारून गेला, कुठली फळी, किती उंच?
रकाना अरुंद. तीनदा मोजलं.
मुख्याध्यापिका, मिसेस गार्थवेट, भल्या बाई,
म्हणाल्या, त्या ‘एन’च्या डोक्यावरची तिरपी रेघ
गाळली तरी चालेल,
इथे कोणाला कळतंय.
मुलगी दाराशी उभी होती, दप्तर छातीशी धरून.
काही बोलली नाही.

गोंद फार ओला असला तर वर्ख बुडतो,
फार सुकला तर धरत नाही.
मधली वेळ बोटाच्या पेराला कळते,
ती कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत.
सगळ्यात बारीक ब्रश घेतला, श्वास रोखला
आणि ती रेघ दिली.
सोनं लागलं ते मुंगीच्या पायाएवढं.

बिलात धरलं नाही.
शिडीवरून उतरलो तेव्हा
चार वाजत आले होते.